नाउमबुर्गच्या कथीड्रलमध्ये उटा पाहायला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत लाइपझिगला मुलाकडे जाणार आहात आणि एक दिवस नाउमबुर्गसाठी राखून ठेवलाय. कोलोनचं कथीड्रल, म्हणजे तिथल्या बिशपचं मुख्य चर्च, आधी पाहिलेलं आहे, तर हे त्यापुढे फिकं पडेल का? उटा नावाच्या बाईचा जो पुतळा पोस्टकार्डांपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत सगळीकडे दिसतो, ती खरंच तशी दिसायची का? आणि चर्चमध्ये, वेदीच्या इतक्या जवळ, संतांच्या जागी सरदार आणि त्यांच्या बायका कशा काय उभ्या आहेत?

मधल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. नाही. उटा ही एकेहार्ड या सरदाराची बायको, ती 1046च्या आधीच वारली. हा पुतळा घडला साधारण 1250च्या सुमारास, म्हणजे तिला जाऊन दोनशे वर्षं उलटून गेल्यावर. घडवणाऱ्याने तिला पाहिलं असणं शक्यच नव्हतं. तिचं एखादं चित्र समोर ठेवून काम करण्याचा तो काळही नव्हे. तिच्या पुतळ्यावर तिचं नावसुद्धा कोरलेलं नाही. शेजारी कोण उभा आहे आणि कागदपत्रांत कोणाची नावं येतात, यावरून ती उटा असं ठरवलं गेलं.

आता कोलोन. त्या कथीड्रलचा पाया 1248 साली घातला गेला. म्हणजे नाउमबुर्गचं आपल्याला पाहायचं आहे ते काम आणि कोलोनची सुरुवात जवळपास एकाच वेळची. पण कोलोनचे 157 मीटरचे मनोरे 1880 साली पूर्ण झाले, मधली कित्येक शतकं बांधकाम ठप्प होतं. तिथे फ्रान्समधली गॉथिक पद्धत पूर्ण घेतली आहे: भिंत जवळजवळ नाहीशी करायची, काचा वाढवायच्या, नजर वर वर न्यायची. नाउमबुर्गला असं काही होत नाही. 'झाले' (Saale) नावाच्या नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव, चार मनोरे, जाड भिंती. बाहेरून पाहिलंत तर छान आहे, एवढंच म्हणाल. नैर्ऋत्येचा मनोरा तर 19व्या शतकात पुरा केलेला. फिकं पडण्याचा प्रश्न येत नाही, कारण इथे उंची पाहायला जायचंच नाही. इथे पाहायचं ते दगडातलं माणूस आणि भिंत यांचं नातं. ते मध्ययुगीन जर्मनीत इतकं घट्ट दुसरीकडे मला कुठे दिसलेलं नाही.

थोडी पार्श्वभूमी लागेल. बिशपचं पीठ आधी त्साइट्स या गावी होतं, ते 1028 साली नाउमबुर्गला आणलं गेलं. ते आणवणारे दोघे भाऊ, हेर्मान आणि एकेहार्ड, माइसनचे मार्कग्राफ म्हणजे राज्याच्या पूर्व सीमेवरच्या मुलखाचे सरदार. पहिलं कथीड्रल त्यांच्या काळातलं. हेर्मान 1038 मध्ये गेला, एकेहार्ड 1046 मध्ये, आणि दोघांनाही मूलबाळ नसल्याने घराणं तिथेच संपलं. सध्याची इमारत 13व्या शतकाच्या सुरुवातीला नव्याने बांधायला घेतली आणि 1242 मध्ये तिचं पवित्रीकरण झालं. हा मुख्य भाग अजून रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या जाड भिंतींच्या शैलीच्या, वळणाचा: कमानी टोकदार झाल्या आहेत, पण भिंतीचं वजन जाणवतं. पूर्वेच्या बाजूचं तळघर तर आणखी जुनं, त्याचा मधला भाग 12व्या शतकातला.

या चर्चला दोन्ही टोकांना कॉयर आहे. कॉयर म्हणजे वेदीभोवतीचा तो भाग जिथे धर्मगुरू बसून प्रार्थना गात. पूर्वेला एक, पश्चिमेला एक. आणि दोन्हीकडे लेटनर शाबूत आहे. लेटनर म्हणजे धर्मगुरूंची जागा आणि सामान्य लोकांची जागा यांच्यामध्ये घातलेली दगडी आडभिंत. अशा भिंती मध्ययुगात मोठ्या चर्चांत सर्रास असत. नंतर लोकांना वेदी दिसावी म्हणून त्या बहुतेक ठिकाणी पाडल्या गेल्या. माइन्झच्या कथीड्रलमधली पश्चिमेकडची 17व्या शतकात गेली, आता तिचे तुकडे तेवढे उरलेत. नाउमबुर्ग 16व्या शतकातल्या धर्मसुधारणेत कॅथलिक पंथ सोडून मार्टिन ल्युथरच्या पंथाकडे गेलं. 1542 मध्ये खुद्द ल्युथरने इथे निकोलाउस फॉन आम्सडोर्फची बिशप म्हणून स्थापना केली. पण कथीड्रलचं व्यवस्थापन पाहणारी धर्मगुरूंची मंडळी टिकून राहिली आणि बरोक काळातल्या कॅथलिक नूतनीकरणाची लाट इथे आली नाही. म्हणून पूर्वेची 1230च्या आसपासची आणि पश्चिमेची 1250च्या आसपासची, दोन्ही आडभिंती आपापल्या मूळ जागी उभ्या. हे फार दुर्मिळ आहे आणि माझ्या मते उटापेक्षाही मोठं नशीब आहे.

पश्चिमेच्या लेटनरपाशी सावकाश जा. लोक इथून झपाझप आत शिरतात, कारण आत उटा आहे. थांबा. दार पाहा. दाराच्या मधोमध एक खांब आहे आणि त्या खांबावर क्रूसावरचा ख्रिस्त आहे. खांब हाच क्रूसाचा उभा दांडा, वरची आडवी पट्टी हाच आडवा दांडा. म्हणजे दाराची चौकटच क्रूस झाली आहे. आत जायचं तर ख्रिस्ताच्या पसरलेल्या हातांखालून जावं लागतं, उजवीकडून नाहीतर डावीकडून. दोन बाजूंना ख्रिस्ताची आई मारिया आणि शिष्य योहान, तेही जवळजवळ माणसाच्या मापाचे. मारिया मुलाकडे हात करून येणाऱ्याकडे पाहते, योहान रडवेला होऊन हात पिळतोय. याआधीच्या चर्चांत असा क्रूस उंच कमानीत, माणसांच्या डोक्यांवर टांगलेला किंवा आडव्या तुळईवर उभा केलेला असे. मान वर करून पाहायचा. इथे तो खाली, तुमच्या वाटेत आणून ठेवलाय. पाहून पुढे जाता येत नाही, त्याच्या अंगाजवळूनच जावं लागतं. शिल्पकार आणि बांधणारा हे दोन वेगळे लोक असते तर ही कल्पना सुचली असती का, असा मला नेहमी प्रश्न पडतो.

मग मान जरा वर करा. दाराच्या वरच्या बाजूला, भिंतीच्या माथ्यालगत, ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांची उठावशिल्पं ओळीने आहेत. शेवटच्या भोजनात बाराच्या जागी मोजकेच शिष्य बसवलेत. जागा कमी होती हे एक कारण, पण त्यामुळे प्रत्येकाला अंग मिळालं: खाणारे खाताहेत, पिणारा पितोय, जेवण हे जेवण वाटतं. शेजारच्या दृश्यात ख्रिस्ताचा घात करणारा शिष्य यहूदा त्याबद्दल चांदीची नाणी घेतोय, आणि मागे कानाशी लागून कुजबुजणारी माणसं आहेत. पुढे अटक, त्यात शिष्य पीटर तलवार उपसून मुख्य पुजाऱ्याच्या मल्खस या नोकरावर तुटून पडलाय. मग 'मी ख्रिस्ताला ओळखत नाही' असं पीटरचं नाकारणं, पहारेकरी, आणि रोमन सुभेदार पिलाताचं हात धुणं. पुजाऱ्यांच्या डोक्यावर टोकदार टोप्या दिसतील. त्या 13व्या शतकातल्या जर्मनीतल्या ज्यूंच्या टोप्या आहेत. शिल्पकाराने शेजारीपाजारी पाहिलेली माणसं कथेत बसवली, आणि ती कथेतल्या दोषींच्या बाजूला बसवली. काम अप्रतिम आहे म्हणून हे नजरेआड करू नये. ओळीतली शेवटची दोन दृश्यं, फटके आणि क्रूस वाहून नेणं, लाकडाची आहेत. मूळ दगडी दृश्यं नष्ट झाली आणि 18व्या शतकात ती लाकडात करून बसवली. एकदा कळलं की फरक लगेच दिसतो: लाकडातली माणसं अभिनय करतात, दगडातली आपापल्या कामात आहेत.

आणि इथलीच स्तंभशीर्षं. त्यांच्यावरच्या पानांना लोक फारसं पाहत नाहीत. द्राक्षवेल, आयव्ही, हेझलनट, आणि दवणा ज्या कुळातला त्या कुळातली एक रानटी वनस्पती, अशी ओळखू येतील इतकी नेमकी पानं आहेत. जुन्या स्तंभशीर्षांवरचं पान हे नक्षीतलं पान असे. इथे देठ कुठून निघतो, पान कडेला कसं मुडपतं, फळ कुठे लपतं, सगळं पाहून केलेलं आहे. हे पान आधी पाहा आणि मग माणसांचे चेहरे पाहा. दोन्हीकडे नजर एकच आहे.

आता आत. आधी एक चौरस भाग, त्याच्या पुढे बहुकोनी टोक आणि त्यात उंच रंगीत खिडक्या. खिडक्यांच्या खालच्या कडेच्या आसपास, आपल्या डोक्यांपेक्षा बऱ्याच वर, बारा पुतळे. आठ पुरुष, चार स्त्रिया. सगळे माणसाच्या मापाचे.

ही तुमच्या तिसऱ्या प्रश्नाची जागा. हे लोक कोण? याचा सगळ्यांत चांगला धागा एका पत्रात आहे. 1249 साली बिशप डिट्रिश दुसरा याने कथीड्रलच्या बांधकामासाठी देणग्या मागितल्या. त्यात त्याने दोनशे वर्षांपूर्वीच्या पहिल्या दात्यांची नावं घेतली: हेर्मान, रेग्लिंडिस, एकेहार्ड, उटा, सिझो, कोनराड, विल्हेल्म, गेपा, बेर्ख्टा, डिट्रिश, गेर्बुर्ग. ज्यांनी आधी दिलं आणि जे आता देतील, त्या सगळ्यांना इथल्या प्रार्थनांत वाटा मिळेल, असं त्याचं म्हणणं. म्हणजे हा दात्यांचा स्मरणकक्ष आहे. धर्मगुरू खाली बसून मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना गाणार, आणि ज्यांच्यासाठी गायचं ते वर उभे. संतांच्या जागी सरदार आले असं वाटतं, पण ते पूजेसाठी नाहीतच. संतांकडे काही मागायचं असतं. या लोकांसाठी मागायचं आहे.

यात राजकारणही आहे, आणि ते बारीक नाही. डिट्रिश हा वेटिन घराण्यातला होता, आणि एकेहार्डच्या घराण्याचा मुलूख पुढे याच वेटिनांकडे आला होता. त्साइट्सचे धर्मगुरू तर पीठ आपल्याकडून नेलं म्हणून 13व्या शतकातही भांडत होते. अशा वेळी 'आमचे संस्थापक हे पाहा, इथे उभे आहेत' असं दगडात सांगणं फायद्याचं होतं. पत्रातली यादी आणि पुतळे तंतोतंत जुळत नाहीत. डिटमार आणि टिमो या दोघांची नावं पत्रात नाहीत, पण ते उभे आहेत. डिटमारच्या ढालीवर तो मारला गेल्याचं लिहिलंय. टिमोच्या ढालीवर त्याने चर्चला सात गावं दिल्याचं. दगडात कोरलेली पावतीच म्हणा.

आता मुख्य गोष्ट, जी फोटोत कधीच दिसत नाही. मी दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून माझी नजर आधी सांध्यांकडे जाते. हे पुतळे भिंतीला टेकवून उभे केलेले नाहीत. प्रत्येकाच्या पाठीमागून जो बारीक खांब छताकडे जातो, त्या खांबाचा तुकडा आणि पुतळा एकाच दगडातून काढलेले आहेत. जवळपासच्या खाणींतला शिंपल्यांचा चुनखडक. याचा अर्थ असा की पुतळे आधी कोरून तयार, मग भिंत चढत गेली तसे जागेवर बसवले. नंतर सुचलं म्हणून चार पुतळे लावले असं इथे होऊच शकत नाही. कोण कुठे उभा राहणार हे भिंत उभी राहण्याआधी ठरलेलं होतं. आणि ते ठरवलंय अगदी विचारपूर्वक: दोन जोडपी, हेर्मान-रेग्लिंडिस आणि एकेहार्ड-उटा, समोरासमोर, नेमकी चौरस भाग संपून बहुकोनी टोक सुरू होतं त्या सांध्यावर. छताचा भार जिथे सगळ्यांत ठळकपणे खाली उतरतो तिथे संस्थापक. 'तुमच्यावर ही इमारत उभी आहे' हे वाक्य इथे बांधकामाने म्हटलंय.

ज्याने हे केलं त्याला अभ्यासक नाउमबुर्गचा उस्ताद म्हणतात. नाव माहीत नाही. त्याच्या हाताखालच्या लोकांचं काम आधी माइन्झमध्ये दिसतं. बासेनहाइमच्या चर्चमध्ये आज असलेला, भिकाऱ्याला झगा कापून देणारा घोड्यावरचा संत मार्टिन त्याच परंपरेतला मानतात. नंतर माइसनच्या कथीड्रलमध्ये हीच शैली पुढे जाते. फ्रान्समधल्या रान्सचं कथीड्रल त्यांना माहीत होतं हे पानांवरून आणि कपड्यांच्या चुण्यांवरून कळतं. पण एकच अलौकिक माणूस हातोडा-छिन्नी घेऊन सगळं करत फिरला, ही कल्पना मला पटत नाही. बाराही पुतळे दुर्बिणीतून पाहा, हात वेगवेगळे आहेत. मोठी कार्यशाळा, कडक देखरेख आणि आराखडा एकाच्या डोक्यातला, असं ते काम दिसतं.

चेहरे. सिझो दाढीवाला, कपाळाला आठ्या, तलवार खांद्याशी. डिटमार ढालीमागे अर्धा दडलेला. विल्हेल्म वर पाहत कुठेतरी हरवलाय. विधवेच्या पेहरावातली एक प्रौढ बाई उघड्या पुस्तकातून प्रार्थना वाचतेय. ती गेपा की बेर्ख्टा यावर वाद आहे, पण बारांत मला ती सगळ्यांत आवडते, आणि तिच्यासमोर कोणी थांबत नाही. कोनराडचा पुतळा पूर्वी बराच मोडला होता, त्याच्या डोक्यावरून काही ठरवू नका. पोलंडच्या बोलेस्वाव्ह राजाची मुलगी रेग्लिंडिस खुशाल हसतेय. शेजारचा हेर्मान मात्र खिन्न, जवळजवळ कोवळा पोरगा.

आणि उटा. उजव्या हाताने झग्याची कॉलर वर ओढून गालाशी धरलेली, डावा हात खाली झग्याच्या जड चुण्या गोळा करतोय. रंगाचे अंश अजून आहेत. कॉलरमुळे चेहऱ्याचा एक भाग झाकला जातो आणि उरलेला अधिक उजळ वाटतो. पण ती कॉलर कोणत्या बाजूची? नवऱ्याच्या. ती एकेहार्डच्या बाजूने स्वतःला मिटून घेते, आणि तो ढाल-तलवारीवर हात ठेवून आडवातिडवा, भरभक्कम. दोघांमध्ये जे काही आहे, दुरावा असो की दरबारी मर्यादा, ते दोघे एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

फोटोंनी नेमकं हेच तोडलं. नाउमबुर्गमध्येच जन्मलेला वाल्टर हेगे याने 1920च्या दशकात या पुतळ्यांचे फोटो काढले. अतिशय देखणे, कडक प्रकाशातले, चेहऱ्याच्या उंचीवरून घेतलेले. खालून मान वर करून जो चेहरा दिसत होता तो समोरासमोर आला, भिंत गेली, नवरा गेला, राहिली एकटी उटा. त्या फोटोंनी ती देशभर प्रसिद्ध झाली. पुढे नाझींनी तिला 'अस्सल जर्मन स्त्री'चा नमुना करून टाकलं, ज्यूंविरुद्धच्या प्रचारपटातही वापरलं. 11व्या शतकातल्या एका स्त्रीची 13व्या शतकात केलेली कल्पना, आणि तिला 20व्या शतकात वंशाचा पुरावा बनवलं. हसण्यासारखं असतं, त्याचे परिणाम माहीत नसते तर. आजही दुकानात तिचा एकटीचाच चेहरा विकला जातो.

एक ताजा वाद माहीत असलेला बरा, कारण त्यावर तिथे चर्चा ऐकू येईल. या पश्चिम कॉयरमध्ये 16व्या शतकात लुकास क्रानाख या चित्रकाराची वेदी होती. 1541 मध्ये तिचा मधला भाग मूर्तिभंजकांनी नष्ट केला, बाजूच्या फळ्या वाचल्या. लाइपझिगचा चित्रकार मिखाएल ट्रीगेल याने नवा मधला भाग रंगवला आणि 2022 मध्ये वेदी पुन्हा कॉयरमध्ये उभी केली. कथीड्रल 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे. युनेस्कोच्या सल्लागारांनी आक्षेप घेतला की वेदीमुळे पुतळ्यांचं दर्शन अडतं, आणि त्याच वर्षाअखेरीस ती हलवावी लागली, मग परत आली, वाद सुरूच राहिला. माझं मत विचाराल तर कॉयरमध्ये वेदी असणं यात गैर काही नाही, पुतळे वेदीभोवती उभे राहण्यासाठीच केले होते. पण दारातून आत येताना बाराजण एकदम दिसणं, हा या जागेचा सगळ्यांत मोठा क्षण आहे, आणि उंच वेदीने तो जातो, हेही खरंच. तुम्ही जाल तेव्हा ती कुठे असेल ते आधी कथीड्रलच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

शेवटी थोडं कामाचं. लाइपझिगहून रेल्वेने तासाभराच्या आतबाहेर पोचाल, स्टेशनवरून गावात जुन्या डब्यांची छोटी ट्राम जाते. पुतळ्यांचा कॉयर पश्चिमेला आहे, म्हणून उन्हाचा दिवस असेल तर दुपारनंतर पश्चिम कॉयर आणि सकाळी पूर्वेची बाजू असा क्रम ठेवा. काचा सगळ्या मध्ययुगीन नाहीत, काही 19व्या शतकातल्या आहेत, तरी दुपारी तिथला उजेड वेगळाच असतो. छोटी दुर्बीण न्याच. पूर्वेच्या कॉयरकडे जाणाऱ्या पायऱ्यांचे कांस्याचे कठडे मागदेबुर्गच्या हाइनरिश आपेल या आधुनिक शिल्पकाराचे आहेत, त्यावरचे प्राणी पाहत पाहत चढा. आणि वायव्येच्या मनोऱ्याच्या तळाशी संत एलिझाबेथचं लहानसं चॅपेल चुकवू नका. तिला 1235 मध्ये संतपद मिळालं आणि इथला तिचा दगडी पुतळा त्यानंतर लगेचचा, तिच्या सर्वांत जुन्या पुतळ्यांपैकी. त्या चॅपेलच्या खिडक्या 2007 मध्ये लाइपझिगचा चित्रकार निओ राउख याने केल्या, गडद लाल काचेत. मुलगा लाइपझिगला राहतो म्हणजे त्याला राउखचं नाव माहीत असेल. तिथून सुरुवात करून त्याला लेटनरपर्यंत न्या, नाहीतर तो ट्रामचेच फोटो काढत बसेल.